बत्तीघरातून खाली

कांताबाई नगराळेंनी बावीस वर्षं माणसांना खाणीत उतरताना पाहिलं. स्वतः मात्र एक पाऊलही खाली टाकलं नव्हतं. वणीजवळच्या पिंपळडोह कोळसा खाणीत नवऱ्याच्या जागेवर त्यांना नोकरी लागली, ती बत्तीघरात. कामगाराने पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा, त्यांनी तो खुंटीवर अडकवून त्याच नंबरचा टोपीवरचा दिवा काढून द्यायचा. पाळी सुटली की दिवा परत, बिल्ला परत. जमिनीखाली जायला बायकांना तेव्हा कायद्यानेच मनाई होती. कायदा बदलला, तोवर खाण बंद पडायला आली होती.

बंद झाल्यावर भंगाराचा ट्रक बत्तीघराशी लागला. कांताबाई दारात खुर्ची टाकून बसल्या. "लेखी आणा, मंग नेजा." लेखी काही कोणी आणलं नाही, म्हणून दिवे, बिल्ले, खुंट्यांची फळी, सगळं जागच्या जागी राहिलं.

त्याचाच पुढे उपयोग झाला. उताराच्या बोगद्याचे पहिले दोनशे मीटर भक्कम करून खाण लोकांना दाखवायची ठरली. माहिती सांगायला जुनं माणूस हवं होतं. कांताबाईंनी अर्ज टाकला.

"वहिनी, बत्तीघर तुमी दाखवा," खाली तुकडीच्या पुढे चालणारे, पाळीचे जुने सरदार शंकरसिंग म्हणाले. "खालचं आमच्यावर सोडा."

"काहून?"

"तुमी कधी उतरल्याच नाही, म्हणून."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून कांताबाई वही घेऊन कामगारांच्या घरोघरी फिरल्या. छत ठोकून पाहणारा उकंडा आता अंथरुणाला खिळला होता. त्याने बाजेवरूनच काठीने आधी भिंत ठोकली, मग रिकामा कणगा. "असा ठस्स आवाज आला त छत पक्कं. असा पोकळ आला त पळा." दोन महिन्यांनी वही भरली. मग त्या थेट शंकरसिंगांच्या अंगणात उभ्या राहिल्या. "आता तुमी शिकवा."

शंकरसिंग हसले, पण टोपी घालून निघाले. त्या दिवशी कांताबाई पहिल्यांदा खाली उतरल्या. काळ्या भिंतीला हात लावला आणि किती वेळ काढलाच नाही. नंतर आठ वेळा दोघं उतरले.

उद्घाटनाला पहिली तुकडी जुन्या कामगारांचीच होती. पुढे कांताबाई. वळणावर त्यांनी काठीने छत ठोकलं, बोट वर केलं, सगळे गप्प. "ठस्स. चला पुढं."

तुकडीतल्या फुलचंदने मुद्दाम डिवचलं, "इथं सत्त्याण्णवले काय झालतं, सांगा बरं."

"पाणी शिरलतं. पहिली पाळी," कांताबाई म्हणाल्या. "सुट्टी झाली आन् खुंटीवर बारा बिल्ले राह्यले. म्या जागची हालली नाही. एकेक दिवा येत गेला. दिवेलागणीले शेवटचा आला, दोनशे सहा. काच फुटलेली. तुमचाच होता, फुलचंदभाऊ."

वर कोणी आपल्यासाठी असं ताटकळत बसलं होतं, हे फुलचंदला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.

शंकरसिंगांनी डोक्यावरची टोपी काढली. "आपल्याले फक्त खालचं माहीत हाये, गड्याहो. या बाईले दोन्ही माहीत हाये." आणि वळून म्हणाले, "चला सरदार, पुढं व्हा."

बोगद्यात टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की वर उभ्या असलेल्या कामगारांच्या बायका घाबरून खाणीच्या तोंडाशी धावल्या. काय झालं ते कळल्यावर त्यांनी हट्टच धरला, आमालेही न्या! ज्या खाणीसाठी जन्मभर डबे भरले, ती त्यांनीही कुठे पाहिली होती? पुढच्या रविवारी कांताबाई चाळीस जणींना घेऊन उतरल्या. पदर खोचलेल्या, हसत, एकमेकींना ओढत त्या वर आल्या, तेव्हा साऱ्यांचे हात काळे झाले होते आणि धुवायची कोणालाच घाई नव्हती.

कांताबाईंचे गुडघे दोन दिवस ठणकले. तिसऱ्या दिवशी यवतमाळहून एसटी भरून कॉलेजच्या पोरी आल्या. कांताबाईंनी टोपीचा पट्टा आवळला आणि म्हणाल्या, "माह्या मागं या. आन् मोबाइल खिशात."