हवालदार कन्नाके यांचं नाव का गाळलं?

अन्याय झाला तो हवालदार देवराव कन्नाके यांच्यावर. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, पोंभुर्णा तालुक्यातल्या त्यांच्याच गावात, आमच्या प्रार्थना मंडळाच्या मांडवात. मंडळाने शहिदांना श्रद्धांजली वाहिली. देवरावभाऊंचं नाव घेतलं नाही. त्यांची बायको सुमनबाई पहिल्या रांगेत बसली होती. आम्हीच तिला बोलावलं होतं. ती उठली, पदर सावरला आणि निघून गेली.

मी अध्यक्षांना तिथेच विचारलं. ते म्हणाले, "ते कधी मंडळात आले नाहीत, संकल्प घेतला नाही. त्यांना भक्त कसं म्हणायचं?"

कसं म्हणायचं ते सांगतो.

मी नागभीडचा. कॉलेजात असल्यापासून मंडळाचा प्रचारक. राखीव पोलीस दलात भरती झालो तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या खाली मंडळाची पत्रकं होती. पोस्टिंग एटापल्ली तालुक्यातल्या एका पोस्टवर मिळालं. तिथला माझा बडी नईम, चांद्याचा. त्याच्या वडिलांचं ट्रंका-बादल्यांचं दुकान. ज्यांना दल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: बडी म्हणजे जोडीदार. गस्तीला निघण्याआधी तू त्याचे पट्टे, मॅगझिन, पाण्याची बाटली तपासायची, त्याने तुझी. स्वतःचं स्वतः तपासायचं नाही. माणसाला स्वतःची चूक दिसत नाही.

आमचे सेक्शन कमांडर देवरावभाऊ. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात पत्रक दिलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारलं, "वाचलं का, भाऊ?"

"वाचलं ना. कागद चांगला हाये."

सगळे हसले. नईम म्हणाला, "भाऊ, हा मले बी देऊन राह्यला. रोज एक. मले सुधरवते म्हणे."

देवरावभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "विल्या, नईमच्या मायचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं.

"मंग त्याले देव काऊन सांगतं बे? आधी मायचं नाव तं विचार."

त्यांची एक रीत होती. पट्टे तपासून झाले की प्रत्येकाने आपल्या बडीसाठी देवाकडे मागायचं. ज्याचा जो देव, त्याच्याकडे. मोठ्याने. "सोतासाठी कोणी मांगाचं नाई," ते म्हणायचे. "बडीसाठी मांगा. नाव घेऊन मांगा, घरी कोण वाट पाहून राह्यलं ते सांगा. देवाले बी पत्ता लागते."

पत्ता सांगायचा तर तो आधी विचारावा लागतो. असं करत नईमची आई रझियाबी मला कळली, तिचा दमा कळला. माझी आई शेवंताबाई, बांधावरच्या वाघदेवाला नारळ फोडल्याशिवाय धानाची रोवणी सुरू न करणारी, नईमला कळली. तो रोज सकाळी त्याच्या अल्लाहकडे शेवंताबाईच्या पोरासाठी मागायचा. देवरावभाऊ शेवटी गोंडीत त्यांच्या पेनाला, म्हणजे देवाला, सगळ्या सेक्शनसाठी मागायचे. शब्द कळायचे नाहीत. मधे आमच्या आयांची नावं ऐकू यायची.

त्यांनी मला देवाबद्दल एक वाक्य कधी समजावून सांगितलं नाही.

त्या सकाळी रोड ओपनिंग होतं. मागून गाड्या यायच्या होत्या, त्याआधी रस्ता पायी तपासायचा. नेहमीचं काम. नाल्यावरच्या रपट्याजवळ, म्हणजे बुटक्या पुलाजवळ, ब्लास्ट झाला. मागोमाग टेकडीवरून नक्षल्यांचं फायरिंग. नईम रस्त्याच्या मधोमध पडला होता, मांडी फाटलेली. माझा डावा पाय घोट्याखाली राहिला नव्हता. मी नाल्याच्या काठाशी होतो.

देवरावभाऊंचा आवाज वायरलेस सेटवर ऐकला. "रपट्याजवळ ब्लास्ट. दोन जखमी. ओव्हर."

"मदत निघाली. पोझिशन सोडू नका. ओव्हर."

"एक माणूस उघड्यावर हाये. आणायले चाललो. ओव्हर."

ते सरपटत गेले. नईमला पट्ट्याला धरून ओढत माझ्याजवळ आणलं. येताना त्यांना बरगडीत गोळी लागली. त्यांनी आधी नईमची मांडी बांधली, मग माझा पाय. मग बसले.

नईमचे डोळे मिटत होते.

"झोपू देऊ नोको त्याले," देवरावभाऊ म्हणाले. "मांग त्याच्यासाठी."

माझी पाठ असलेली सगळी प्रार्थना त्या वेळी डोक्यातून गेली. एवढंच तोंडात आलं: "हा चांद्याचा नईम हाये. रझियाबीचा पोरगा. तिले दमा हाये. याले ठेव." तेच पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. नईम मधेच पुटपुटला, "पत्ता बरोबर हाये बे." उजेड पडला नाही, आकाशवाणी झाली नाही. पण ऐकणारा कोणी आहे, हे मला कळलं. इतकी वर्षं पत्रकं वाटताना ते कळलेलं नव्हतं.

हेलिकॉप्टर आलं. देवरावभाऊ म्हणाले, "आधी नईमले न्या. मंग विल्याले."

त्यांची पाळी आली तेव्हा ते गेलेले होते.

नईम जगला. आता वडिलांच्या दुकानात बसतो. दर जुम्म्याला देवरावभाऊंसाठी दुआ मागतो, सुमनबाईंचं नाव घेऊन. मला मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं. जयपूर फूट घालून मी मंडळाच्या कामाला परत लागलो. पण पत्रक हातात घेतलं नाही. मी आता घरी जातो, बसतो, विचारतो. वर्षभरात दोन-तीन घरंच होतात. मंडळाला हा वेग पसंत नाही. नसू दे. मी थांबणार नाही.

तान्ह्या पोळ्याला अध्यक्ष मला शेवटी म्हणाले, "अरे, त्यांनी एक तरी माणूस देवाकडे आणला का?"

मी म्हटलं, "मला आणलं."

तरीही त्यांनी नाव घेतलं नाही. त्यानंतरच्या एकाही प्रार्थनेत घेतलेलं नाही.

म्हणून हे तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही मंडळाचे सभासद आहात, लाऊडस्पीकर लावता, भिंती रंगवता, माणसं मोजता. माझी मागणी सरळ आहे. येत्या गुरुवारच्या प्रार्थनेआधी देवरावभाऊंच्या गावाला जा. स्वतः जा, माणूस पाठवू नका. सुमनबाईंच्या ओट्यावर बसा. मांडवात जे झालं त्याची माफी मागा. देवराव कसे होते, त्यांना काय आवडायचं, ते विचारा आणि ती बोलेल तितका वेळ ऐका. मग गुरुवारी उभे राहा आणि हवालदार देवराव कन्नाके हे नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं घ्या.