दोन म्हणजे दोनच

माझे धाकटे दीर प्रोग्रॅमिंगचा क्लास चालवतात आणि मला त्यांची किळस येते. पेनाचं टोपण कानात फिरवतात, मग त्याच बोटांनी पोरांचे कीबोर्ड बडवतात. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं.

त्यांचा पहिला धडा सोपा. कोणत्या प्रकारची माहिती ठेवायला किती बाइट जागा लागते, ते कॉम्प्युटरलाच विचारायचं. अक्षराला एक. पूर्णांकाला किती, इथे मात्र घोडं पेंड खातं. भाऊजी शिकले त्या जुन्या मशीनवर दोन यायचे. क्लासातली नवी मशीनं चार सांगतात. भाऊजी अजून दोनलाच मार्क देतात.

माझ्या लेकीने परीक्षेत स्क्रीनवर चार पाहिले आणि चार लिहिले. पुढची सगळी गणितं त्याच आकड्यावर, त्यामुळे पोरगी नापास. पुढच्या वर्गात गेम बनवायला शिकवतात, त्यासाठी ती किती दिवस झुरत होती. घरी येऊन ढसाढसा रडली. "आई, मला चारच दिसले गं!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच क्लासात गेले.

"भाऊजी, मशीन तुमच्या डोळ्यांदेखत चार म्हणतंय."

"मशीन काय वहिनी, काहीही म्हणेल. दोन म्हणजे दोनच."

"मग त्याला विचारायला कशाला लावता?"

"पोरांना सवय नको का लागायला?"

पालथ्या घड्यावर पाणी. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणे, घरातला माणूस आहे, जाऊ दे. भावाभावांची ही मिलीभगत बघून मला जेवण गेलं नाही.

फेरपरीक्षेत लेकीला पैकीच्या पैकी मिळाले. भाऊजींनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. घरी येताना मी विचारलं, "मशीन आज दोन कसं म्हणालं गं?"

"विचारलंच नाही त्याला. सरळ सांगितलं, दोन छाप. सगळे तसंच करतात. काका प्रोग्रॅम कुठे वाचतात? उत्तर तेवढं बघतात."

"आणि खरं किती?"

"काय करायचंय आई? पास झाले ना!"

ती खुशीत पुढे चालायला लागली. चार दिसले म्हणून रडणारी माझी पोरगी कुणी परत आणून देणार नव्हतं.