गवतावरचा शेवटचा कप-सामना

एफी मॅगोवनने आयुष्यात कुठल्याही गोष्टीला पहिल्या विचारण्यात 'हो' म्हटलेलं नव्हतं. खोटं वाटत असेल तर तिच्या नवऱ्याला विचारा. ड्रूने लग्नाचं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "छे, उगाच कशाला?" आणि तो भोळा सांब खरंच टोपी चढवून निघाला. फाटकापाशी त्याच्या लक्षात आलं की आपण ड्रमकिलनमध्ये आहोत. परतला, पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे लग्न ठरलं.

यात एफीचा दोष नाही. ड्रमकिलनची रीतच तशी. चहाचं कुणी विचारलं की आधी 'नको' म्हणायचं, मग 'तुम्हाला कशाला त्रास' म्हणायचं, मग 'बरं, अर्धा कप' म्हणायचं आणि किटली रिकामी करून उठायचं. पहिल्या हाकेला हो म्हणणारा माणूस एक तर उपाशी, नाही तर उद्धट.

फक्त हॉकीच्या बाबतीत या घरात कुणी आढेवेढे घेतले नाहीत. बायकांचा राष्ट्रीय कप नवा होता तेव्हा एफीची आजी घोट्यापर्यंतचा घोळदार स्कर्ट घालून खेळली. चेंडू स्कर्टखाली दडवून ती बचाव करी म्हणतात, आणि डब्लिनच्या बायका तो शोधत तिच्याभोवती फुगडी घातल्यासारख्या फिरत. आईच्या वेळी स्कर्ट गुडघ्याशी आले. चेंडू दडवायची सोय गेली, म्हणून आई आडदांड खेळायला शिकली. एफी फुलबॅक, म्हणजे गोलपुढची शेवटची भिंत. तिच्या काळात ड्रमकिलन एकदाच अंतिम सामन्याला पोचलं आणि एका गोलाने हरलं. तो गोल एफीच्या बुटाला लागून आत गेला. गावात त्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणजे तिच्यासमोर.

पाय थकल्यावर मैदान तिच्या गळ्यात पडलं, ते कायमचंच. चर्चच्या मागची ती उतरती हिरवळ. गवत कापायला ड्रूच्या मेंढ्या, आणि मेंढ्यांच्या मागे झाडू घेऊन एफी. बेलफास्टच्या पोरी नाकं मुरडत, पण इथे जिंकणं त्यांना जड जाई. वरच्या बाजूने मारलेला चेंडू खाली येता येता दोनदा विचार बदलतो.

मग हॉकी संघटनेने ठरवलं : पुढच्या हंगामापासून कपचे सगळे सामने कृत्रिम गवतावर. ड्रमकिलनकडे कृत्रिम म्हणावं असं एकच होतं, पाद्रीबुवांचे दात. म्हणजे यंदा चिठ्ठीत बेलफास्टविरुद्ध घरचा सामना निघाला, तो या मैदानावरचा शेवटचा. मैदान खेळण्याजोगं नसेल तर सामना त्याच दिवशी बेलफास्टच्या प्लास्टिकवर. एफीने महिनाभर मेंढ्यांना चिखल होणाऱ्या डाव्या कोपऱ्यात फिरकू दिलं नाही.

आणि नेमका आदल्या रात्री गोठवणारा गारठा पडला.

सकाळी वरचा गोल उन्हात होता. खालचा चर्चच्या सावलीत, फरशीसारखा कडक. दुपारच्या आधी ऊन तिथे पोचणार आणि जमीन मऊ होणार, हे एफीला ठाऊक होतं. तोवर पंचबाईंना चहावर अडकवायचं, बस्स.

पंच लव्हेलबाई जन्माने डब्लिनच्या, पण हॉलंडात बरीच वर्षं काढलेल्या. तिकडे म्हणे नाही म्हणजे नाही आणि हो म्हणजे होच असतं. कसली रुक्ष माणसं!

"चहा घेता ना?" एफी.

"नको, आत्ताच घेतला."

"घ्या हो, थोडासा."

"खरंच नको." बाईंनी खिडकीतून खाली मैदानाकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. "असं करू का? मी दुपारी बाराला मैदान बघते. तोवर ऊन येईल. चालेल?"

बघा, देव कधी कधी ताट वाढून समोर ठेवतो. आणि एफी मॅगोवन काय म्हणाली?

"छे छे! आमच्यासाठी कशाला खोळंबता? आत्ताच बघून घ्या ना."

दारातल्या ड्रूने डोळे मिटले.

"बरं," म्हणत लव्हेलबाई उठल्या. खालच्या डीमध्ये, गोलपुढच्या अर्धवर्तुळात, जाऊन त्यांनी टाच आपटली, चेंडू टाकला. तो दगडावर पडावा तसा टणकन उडाला. "खेळण्याजोगं नाही. सामना बेलफास्टला."

"एफे," ड्रू हळूच म्हणाला, "त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही गं."

"मग काय माणसं आहेत का ही!" एफी म्हणाली. सँडविचवरचं ओलं फडकं तिने उगाच चारदा नीट केलं.

लव्हेलबाईंनी बेलफास्टला फोन लावला. तिथल्या रखवालदाराने सांगितलं, बस केव्हाच सुटली. वाटेत तिला अडवायला कुणी नव्हतं. आता ती इथे येणार, मग सगळी वरात परत फिरणार. तोवर बाईंना थांबणं भाग होतं. त्या चहाविनाच बसल्या. एफी समोर बसली.

ऊन चर्चच्या कडेवरून घसरलं. आधी गोलचा खांब उजळला, मग रेषा, मग सगळा डी वाफाळायला लागला. तेवढ्यात बस फाटकात शिरली आणि बेलफास्टच्या पोरी स्टिका घेऊन उतरल्या.

लव्हेलबाईंनी एफीकडे पाहिलं. "दोन्ही संघ इथेच आहेत. मैदान पुन्हा बघू का?"

'नको, तुम्हाला कशाला त्रास' हे अख्खं वाक्य एफीच्या दातांपर्यंत आलं. ड्रू सांगतो, तिचा जबडा हललेला त्याने पाहिला. आजी, आई, सगळं ड्रमकिलन त्या जबड्यात जमलं होतं.

"हो," एफी म्हणाली. आणि स्वतःच दचकली.

ड्रूच्या हातून चमचा पडला.

या वेळी टाच रुतली. चेंडू मऊ बसला. सामना झाला आणि ड्रमकिलन दोन-एकने हरलं. पण तो एक गोल त्याच खालच्या डीमधला. चेंडू गवताच्या झुपक्याला लागून उडाला आणि गोलकीपरच्या पॅडवरून आत गेला.

"तिथे मेंढीची लेंडी होती!" गोलकीपर ओरडली.

"शक्यच नाही," ड्रू कुंपणावरून म्हणाला. "कपच्या दिवशी आमच्या मेंढ्यांचा उपास असतो."

रीतीप्रमाणे नंतर पाहुण्यांना चहा. बेलफास्टच्या पोरींनी दोनदा नको म्हटलं आणि अंड्याची सँडविचं एकजात फस्त केली. लव्हेलबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "हो. आणि तो केकही." एफीने त्यांना सगळ्यात मोठा तुकडा दिला.

आता ड्रमकिलनच्या पोरी कप शेजारच्या गावातल्या प्लास्टिकवर खेळतात. डावा कोपरा मेंढ्यांना मोकळा झालाय. एफी अजून लाकडी गोलांना दरवर्षी रंग देते. कशासाठी, असं विचारलं तर म्हणते, मेंढ्यांना बरं दिसतं.

आणि तो 'हो' तेवढाच. परवा शेजारणीने विचारलं, "एफी, चहा टाकू?"

"नको गं, उगाच कशाला."

शेजारणीने तोवर किटली चढवलीसुद्धा होती.