चांदीच्या टोपलीचे मालक

आमचे पणजोबा जालन्याच्या छावणीत एका इंग्रज साहेबाच्या स्वयंपाकघरात कामाला होते. साहेबाची बदली झाली. स्टेशनवर सामान चढवताना त्यानं एक चांदीची टोपली पणजोबांच्या हातात दिली, "धर," म्हणाला आणि डब्यात चढला. गाडी सुटली. पणजोबा टोपली धरून उभे. ती बक्षीस दिली होती की नुसती धरायला, याचा उलगडा आमच्या घरात कधी झाला नाही. मग तिच्यात भाकरी ठेवायला लागले. टोपली जाळीदार, त्यामुळे भाकरीला पाणी सुटत नाही, असं आईचं मत.

मी परतूरला शाळेत इंग्रजी शिकवते. एकदा सहज त्या टोपलीतल्या भाकरींचा फोटो फेसबुकवर टाकला. इंग्लंडहून एका बाईंचा निरोप आला: काठावर कोरलेलं चिन्ह आमच्या घराण्याचं आहे, बघायला येऊ का? दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांचा अगदी तसाच निरोप. ते सख्खे बहीणभाऊ निघाले, त्याच साहेबाची नातवंडं. दोघंही सत्तरीपुढचे, आणि त्यांचं आपसात बोलणं बंद होतं.

आले एकाच दिवशी, पण वेगवेगळ्या गाड्यांतून. आईनं दोघांना एकाच दिवाणावर बसवलं आणि मधे टोपली ठेवली. काठावरच्या चिन्हातला प्राणी आम्ही वर्षानुवर्षं शेळी समजत होतो. भाऊ म्हणाला, सिंह. बहीण म्हणाली, शिकारी कुत्रा. मी आईला सांगितलं.

आईनं चष्मा लावून पाहिलं. "शिंगं दिसून राह्यलीत बराबर. शेळीच हाये."

मग भांडणाचं मूळ कळलं. त्यांच्या वडिलांनी भावाला सांगितलं होतं, या टोपलीत पाव ठेवायचे. बहिणीला सांगितलं होतं, केक. वडील गेले त्या दिवशी यावरून जुंपली, ती आजपर्यंत. टोपली मात्र दोघांनीही तोवर पाहिलेली नव्हती.

"त्याह्यला म्हणावं, आधी जेवा," आई म्हणाली. "भांडायला मंग ताकद लागंल."

पिठलं-भाकरी झाली. ठेच्यानं दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कुणी कुणाकडं बघेना. जेवणानंतर आईनं सरळ सांगितलं, तुमची वस्तू तुम्ही न्या. जाळी घासून घासून तिची बोटं दुखत होती. कोण नेणार, हे मात्र ठरेना. थोड्या वेळानं बहीण स्वयंपाकघरात आली आणि माझ्यामार्फत आईला हळूच म्हणाली, टोपली तुमच्याकडंच राहू द्या, फक्त त्याला देऊ नका. आईनं शब्द दिला. ती बाहेर गेली तसा भाऊ आला. त्याचीही तीच विनंती. आईनं त्यालाही शब्द दिला.

तेव्हापासून दर रविवारी दोघांचे वेगवेगळे व्हिडिओ कॉल येतात. आई फोनसमोर टोपली धरते, गोल फिरवून दाखवते आणि तब्येत विचारते, मराठीतच. त्यांचं समाधान होतं.

गेल्या दिवाळीत दोघं पुन्हा आले, या वेळी एकाच गाडीतून. आईनं भावाला लसूण सोलायला बसवलं, बहिणीला शेंगा फोडायला. जेवताना बहीण मला इंग्रजीत म्हणाली, "त्याला विचार, अजून पिठलं हवंय का."

तो शेजारीच बसला होता. तरी मी त्याला तेच इंग्रजीत विचारलं.

तो म्हणाला, "तिला सांग, थोडंसं."

मी सांगितलं.