जिभेला झोंबलं तरच पुढं

हमीदामावशी चिरलेल्या रोपांतली येक चिमूट चावायची आन् डोळं मिटून झोंबायची वाट बगायची. डोळ्यात पानी आलं का म्हनायची, "जितं हाय, सरकवा पुढं." नवलाख उंबरे गावच्या आमच्या कारखान्यात ब्रोकोलीच्या कवळ्या रोपांची औषधासारखी खायची पावडर बनायची, मावशी सुपरवायझर आन् मी नवी, आठवी शिकलेली, घरी सासूपाशी पाच म्हयन्याची पोर.

मावशी सांगायची, "रोपात गंधक कुलपात ठिवलेलं असतंय. किल्ली बी रोपातच, पन येगळ्या खोलीत. चिरलं का मधली भिंत पडती, किल्ली लागती, मंग झोंबतंय. त्येच पोटात गेलं का आपल्या पेशी सोताला गंजू देत न्हाईत म्हनं. म्हनून चिरायचं आन् धा मिन्टं हात लावायचा न्हाई." किल्लीचं नाव एन्झाईम, त्ये मी हातावर लिवून पाठ केलं.

आन् येक दिवस मी काय केलं, पोरीची बाटली उकळायची सवय ना, मला जंतूंचं लय भ्या, म्या चिरायच्या आधी अख्ख्या घमेल्यावर कढत पानी वतलं.

मावशीनं चावलं. डोळं कोरडं. परत चावलं.

"बी जुनं आसंल," मी म्हनलं, काम गेलं तर पोरीचं कसं करू.

"बी न्हाई गं, उकडलंय. मी बी चुलीपुढंच म्हातारी झाले. किल्ली मेली, कुलूप शाबूत हाय. रडू नगंस, पदर खोच. शेजारनीची किल्ली लागती का बगू."

कच्ची रोपं चिरून तिनं त्यात कालवली. धा मिन्टांनी चावलं, डोळं भरलं. मला वाटलं सुटले.

"आता सायबाला सांग."

"मावशी, काढत्याल मला!"

"मंग दोघींना काढू देत. कोन आजारी मानूस इस्वासानं खाईल ह्ये. माझी जीभ म्हंजी मशीन न्हाई."

म्या सायबापुढं येका दमात सगळं सांगितलं, मधी श्वास बी घेतला न्हाई. मावशी म्हनली, "कढत पानी का नको, त्ये मी हिला सांगितलंच न्हवतं. आर्धी चूक माझी लिवा."

मशीनवर तपासलं तर झोंबनारं कमीच भरलं, घमेलं खतात गेलं. सायेब मला बगून म्हनले, "उद्या येळेवर या."

मावशी आता देहूरोडला लेकीकडं असती. मला अजून बी समद्याचं भ्या वाटतं. पन चुकलं का मी पळत जाऊन सांगते, घाम फुटलेला असला तरी.