काकूंना विनोद कळला त्याची गोष्ट

"काहून हासून राहिले हे लोक, मास्तर?"

आमच्या शेजारच्या काकूंचा हा प्रश्न ठरलेला. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत तेव्हा टीव्ही फक्त आमच्याकडे होता. आठवड्यातून एकदा संध्याकाळी इंग्लंडातली एक विनोदी मालिका लागायची. हिंदी गाणी संपली की बाकीची मंडळी उठून जात. काकू मात्र बसून राहत, आणि मालिकेतला तो न दिसणाऱ्या लोकांचा हशा आला की माझ्याकडे वळत.

आता तुम्हाला खरं सांगतो. मी शाळेत गणित शिकवायचो. ते भराभर बोललेलं इंग्रजी मलाही निम्मंच कळायचं. पण हशा आला की मीही हसायचो आणि म्हणायचो, "सांगतो नंतर."

काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. यजमान लवकर गेले, तेव्हा शिवणयंत्रावर दोन मुली वाढवल्या, शिकवल्या, सासरी पाठवल्या. साऱ्या गल्लीचे ब्लाऊज त्यांच्याकडे असत.

एकदा माझ्या शाळेतले दोन शिक्षक टीव्ही पाहायला आले होते. पडद्यावर जेवणाचा प्रसंग चालला होता. घरच्या बाईंनी हौसेने पुडिंग वाढलं. पाहुण्याने एक चमचा तोंडात घातला, जरा थांबला आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग!" मोठा हशा झाला. काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

शिक्षक एकमेकांकडे पाहून हसले. एक म्हणाला, "काकू, तुम्ही भजनाला जात जा."

मीही हसलो. काकू पदर सावरून उठल्या आणि निघून गेल्या.

तीन आठवडे त्या आल्या नाहीत. शेवटी बायको म्हणाली, "तुम्हाला तरी कळला होता का तो विनोद?"

चौथ्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. मशीनवर अर्धवट ब्लाऊज होता. शेजारी धाकट्या मुलीचा जुना इंग्रजी शब्दकोश उघडा, पान उडू नये म्हणून त्यावर कात्री ठेवलेली.

"काकू, त्या दिवशी मी हसायला नको होतं. मलाही काही कळलं नव्हतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मले माहीत हाये. तुमी नेहमी सगळ्याइच्या मागून हासता."

त्यांनी चहा करून माझ्या हातात दिला आणि सांगू लागल्या, "पण मले कळलं आता. इंटरेस्टिंग म्हंजे मजेदार. अन् त्याचं तोंड पाह्यलं होतं का? कारलं चावल्यावानी! थुकाव वाटे त्याले, पण बोलला गोड. माही सासू अशीच होती. मी भाजी जाळली का म्हने, आज येगळीच चव आली वं!"

मी इतका हसलो की कपातला चहा हिंदकळला. त्या मालिकेवर मी पहिल्यांदाच आपल्या मनाने हसलो होतो.

पुढच्या आठवड्यापासून विनोद काकू समजावून सांगू लागल्या आणि मी ऐकू लागलो. तेवढ्याने त्यांचं भागेना. सदर भागातल्या एका वाचनालयात त्यांनी नाव घातलं. इंग्रजी विनोदी कादंबऱ्या आणायच्या, ओळीत दहादा शब्दकोश उघडायचा. पहिलं पुस्तक संपायला पाच महिने लागले, दुसऱ्याला दोन. खूण म्हणून पुस्तकात माप घ्यायची टेप असे, त्यामुळे ब्लाऊजला आलेली बाई टेप सापडेपर्यंत खोळंबायची.

पण बायकांची तक्रार नव्हती. माप घेता घेता काकू त्या गोष्टी वऱ्हाडीत सांगत. लंडनची विसराळू आत्या त्यांच्या तोंडून थेट इतवारीच्या बाजारात भांडी घ्यायला येई. "हालू नको वं, टाचणी टोचन," असं म्हणत त्या स्वतःच हसून हलत. ब्लाऊज छान बसला असला तरी कित्येकजणी "काखेत जरा तंग वाटते" म्हणून परत येत आणि पुढचा भाग ऐकून जात.

मग काही वर्षांनी काकूंचे डोळे अधू झाले आणि मोठ्या मुलीने त्यांना रायपूरला न्यायचं ठरवलं. आम्ही बसस्टँडवर पोचवायला गेलो. बायको रडत होती. काकूंनी तिचे गाल कुरवाळले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसल्या. पिशवीतून भिंग आणि नवं पुस्तक काढलं.

बस सुटली. आम्ही दोघांनी हात हलवले, पण काकूंचं लक्षच नव्हतं. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला त्या पानावरची एक ओळ बोटाने दाखवून समजावत होत्या, आणि ती बाई तोंडाला पदर लावून हसत होती.