पेंढा माळ्यावरून उतरला

कशेळ्याच्या भागूबाईची सकाळ आठ वर्षं शिंकांनीच उजाडायची. आधी शिंका, मग डोळ्यांना पाणी, मग छातीत घरघर. कर्जतच्या डॉक्टरांच्या सुईनं दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. आपल्या नशिबीच हे, असं तिनं धरून टाकलं होतं.

शहात्तरच्या दिवाळीत ती रसायनीला भावाकडे, सहदेवकडे, आठ दिवस राहिली. कारखान्यांचा उग्र वास, तरी एक दिवस दम लागला नाही. घरी परतली नि दुसऱ्याच सकाळी घरघर सुरू.

हे नवल तिनं सुनेला, मैनाला, सांगितलं. मैनानं झाडू खाली ठेवला.

"आत्या, तिथं तुमी निजायच्या तिथं वर काय व्हतं?"

"काय आसनार? सिमिटाचं छत."

"आन् हितं?"

दोघींनी वर पाहिलं. माळ्यावर भाताचा पेंढा कोंबलेला. उंदीर पळाला की बांबूंच्या फटींतून भुसा थेट भागूबाईच्या अंथरुणावर झरायचा.

येसाजी, भागूबाईचा नवरा, ऐकेना. "बाहेर कुजला तर बैलांनी काय खायाचं?"

"मामा, बाहेर पेंढ्याची गोल उडवी नीट रचली तर आतला पेंढा कोरडा ऱ्हातो. माझ्या माहेरी, कोंडाण्याला, आमी तसाच ठेवतो. मी रचून दाखवते."

लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण सासऱ्यासमोर मैना एवढं पहिल्यांदाच बोलली. येसाजी उठून बैलांना पाणी पाजायला गेला.

दुसऱ्या दिवशी तोच धोतर खोचून माळ्यावर चढला. बायकोला म्हणाला, "तू शेजारी धोंडूबाईकडं जाऊन बस. हितं धूळ उडंल."

पेंढा अंगणापल्याड गेला. घरात निजणाऱ्या कोंबड्यांना बाहेर खुराडं झालं. मैनानं गोधड्या कढत पाण्यातून काढून उन्हात टाकल्या, आणि पाणी शिंपडल्याशिवाय झाडू मारणं सोडलं.

घरघर आठवड्यात गेली नाही. पण सकाळी श्वास मोकळा येऊ लागला. भाताच्या झोडणीला अजून त्रास व्हायचा, तेव्हा ती खळ्यापासून लांब राहायची. पुढच्या पावसाळ्यात आवणीला मात्र ती भाताची रोपं लावत बायकांच्या रांगेत चिखलात उभी होती.

त्या वर्षीची दिवाळी झाल्यावर ती कर्जतपर्यंत एसटीनं आणि तिथून पायी कोंडाण्याला गेली. मैनाचे वडील, व्याही चांगो, गडबडून उठले. "काय झालं, विहीनबाई? मैना बरी हाय ना?"

"बरी हाय," भागूबाई म्हणाली. "तुमची लेक आमच्यात हाय, म्हनून मी हितवर चालत आले. त्येवढंच सांगायला आले."